नाकापेक्षा मोती जड : टर्बो आणि मॅनिफोल्डच्या निवडीचा आढावा

जुन्या टोयोटा सुप्राचे दोन टर्बो काढून त्या जागी एकच भलामोठा टर्बो बसवणं, हा गेल्या तीस वर्षांत गाडीवेड्यांचा एक पंथच होऊन बसला आहे. जपान, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, आखाती देश, सगळीकडे त्याचे अनुयायी आहेत. पंथ म्हटला की वाद आलेच. एक टर्बो की दोन, ओतीव मॅनिफोल्ड की नळ्यांचं, बॉल बेअरिंग हवं की साधं चालेल, या वादांना अंत नाही. पण या सगळ्यांत एक गोष्ट हटकून दिसते. टर्बो घ्यायला निघालेला माणूस आधी हवेची बाजू बघतो. कॉम्प्रेसर किती हवा ढकलेल आणि त्यातून किती हॉर्सपॉवर निघेल, यावर त्याचा पैसा आणि अभ्यास खर्च होतो. धुराची बाजू, म्हणजे टर्बाइनचं चाक, त्याचं घर आणि इंजिनातून तिथवर धूर आणणारं मॅनिफोल्ड, उरलेल्या पैशांत उरकली जाते. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. कॉम्प्रेसर फार तर ताकदीची कमाल मर्यादा ठरवतो. सिग्नलवरून निघताना, घाटात ट्रकला मागे टाकताना गाडी कशी वागेल, हे धुराची बाजू ठरवते.

सुप्राचंच उदाहरण घेऊ, कारण या प्रश्नाच्या सगळ्या बाजू त्या एका इंजिनात सापडतात. 'टू-जे-झेड' टर्बो इंजिन १९९१ मध्ये टोयोटाच्या अ‍ॅरिस्टोत आलं आणि १९९३ मध्ये सुप्रात. एका ओळीत सहा सिलिंडर, बोर आणि स्ट्रोक दोन्ही ८६ मिलिमीटर, क्षमता २९९७ सीसी, ब्लॉक बिडाचा. जपानी कंपन्यांनी आपसातल्या समजुतीने घालून घेतलेल्या मर्यादेमुळे तिथे त्याची ताकद २८० पीएस सांगितली जाई. अमेरिकेत तेच ३२० हॉर्सपॉवर होतं. टर्बो दोन, पण ते पाळीने काम करत. खालच्या आरपीएमला जवळपास सगळा धूर पहिल्या टर्बोला मिळे. ४००० च्या आसपास झडपा उघडत आणि दुसरा सामील होई. कल्पना उत्तम. पण त्यासाठी बॉनेटखाली व्हॅक्यूमच्या नळ्या, सोलेनॉइड आणि अ‍ॅक्च्युएटरचं जे जाळं विणलं होतं, ते वीस-पंचवीस वर्षांनी कुठे ना कुठे गळतंच. त्यामुळे मालक वैतागून एकच मोठा टर्बो घालतो. जाळं जातं, कमाल ताकद वाढते. पण ३००० आरपीएमला पूर्वी जो पिकअप मिळायचा, तोही जाळ्याबरोबर जातो, आणि हे बऱ्याच जणांच्या पहिल्या चढावर लक्षात येतं.

हा तिढा काही सुप्रापुरता नाही. टर्बोचं पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूची यांनी १९०५ मध्ये घेतलं. प्रवासी गाड्यांत तो १९६२ मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबिल आणि शेवरोलेने आणला. १९७३ ची बीएमडब्ल्यू २००२ टर्बो आणि १९७५ ची पोर्शे ९११ टर्बो या दोन्ही गाड्या वेगासाठी जितक्या गाजल्या, तितक्याच एका खोडीसाठी: पेडल दाबलं की आधी काहीच होत नाही आणि मग सगळं एकदम होतं. साबने १९७७ मध्ये ९९ टर्बो दाखवली ती वेगळा विचार करून. मुद्दाम लहान टर्बाइन घ्यायचं, ते लवकर फिरतं. वर धूर जास्त झाला की वेस्टगेट उघडून तो बाहेरच्या वाटेने सोडून द्यायचा. ताकद १४५ हॉर्सपॉवरच, पण ती रोजच्या वापराच्या आरपीएमला हाताशी. रेनोने फॉर्म्युला वनमध्ये तोच धडा शर्यती हरत हरत गिरवला. १९७७ मध्ये सिल्व्हरस्टोनला उतरलेल्या त्यांच्या गाडीला एकच मोठा टर्बो होता, आणि इंजिनातून वारंवार धूर निघायचा म्हणून इंग्रज मंडळी तिला पिवळी किटली म्हणत. १९७९ मध्ये त्यांनी त्या जागी दोन लहान टर्बो घातले आणि त्याच वर्षी दिजोंला ज्याँ-पिएर जाबुईने टर्बो गाडीचा पहिला विजय मिळवला. विश्वासार्हतेची बरीच कामं त्यांनी मधल्या काळात केली होती हे खरं, पण दिशा स्पष्ट होती.

आता गणिताकडे. टर्बोच्या निवडीत गणित टाळून चालत नाही, आणि ते वाटतं तितकं अवघड नाही. समजा सुप्राच्या इंजिनातून ६०० हॉर्सपॉवर हवी आहे. पेट्रोल इंजिनाचा ढोबळ ठोकताळा असा की मिनिटाला एक पौंड हवेमागे साधारण १० हॉर्सपॉवर मिळते. म्हणजे मिनिटाला ६० पौंड, आपल्या मापात सुमारे २७ किलो हवा लागेल. चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पोट भरतं, म्हणून तीन लिटरचं इंजिन ७००० आरपीएमला मिनिटाला १०,५०० लिटर हवा ओढेल; पाच टक्के तूट धरली तर दहा घनमीटर. या दहा घनमीटरमध्ये २७ किलो हवा कोंबायची आहे. इंटरकूलरमधून ४५ अंशांवर आलेली साधी हवा घनमीटरला १.१ किलो भरते, आपल्याला हवी २.७. म्हणजे जवळपास अडीच पट दाब, अर्थात वातावरणाच्या वर दीड बार बूस्ट. इंटरकूलर आणि एअर फिल्टरमधली घट धरली की कॉम्प्रेसरला २.६ पट दाबाचं काम करावं लागतं. ही झाली समुद्रसपाटीची गोष्ट. पुणं ५६० मीटरवर आहे. तिथे वातावरणाचा दाबच सहा-सात टक्क्यांनी कमी, त्यामुळे तितकीच हवा भरायला कॉम्प्रेसरला २.८ पट दाबावं लागतं. मुंबईत आरामात चालणारा टर्बो महाबळेश्वरला धापा टाकतो तो यामुळे.

२७ किलो आणि २.६ पट, या दोन आकड्यांचा ठिपका कॉम्प्रेसरच्या नकाशावर ठेवायचा. प्रत्येक नावाजलेली कंपनी असा नकाशा देते. त्यावर कार्यक्षमतेची वर्तुळं असतात, डावीकडे सर्जची, म्हणजे हवा उलटी उसळू लागते ती, रेघ, उजवीकडे हवा संपते ती हद्द. गॅरेटचा 'जीटी ३५८२ आर' घ्या. वर्षानुवर्षं जपानी गाड्यांवर बसत आलेला हा टर्बो. हवेच्या चाकाचा आत ओढणारा व्यास ६१.४ मिलिमीटर, बाहेर फेकणारा ८२. नावातला ८२ हाच. कंपनी त्याला ४०० ते ६०० हॉर्सपॉवरचा म्हणते. म्हणजे आपला ठिपका त्याच्या नकाशाच्या उजव्या कडेला लटकतो. तिथे चाक गरागरा फिरतं, पण हवा नुसती तापते. ५०० हॉर्सपॉवरवर समाधान मानलं तर हाच टर्बो अगदी पोटात बसतो. ६०० हवीच असेल तर नव्या पिढीचा बघावा, ज्यात त्याच ८२ मिलिमीटरच्या चाकातून पात्यांच्या आकारामुळे जास्त हवा जाते. जुनंच डिझाइन ठेवून चाक मोठं करणं ही सोपी वाटणारी पळवाट महागात पडते. सारख्या घडणीच्या चाकाचं जडत्व व्यासाच्या पाचव्या घाताने वाढतं. चाक दहा टक्क्यांनी मोठं, तर जडत्व साठ टक्क्यांनी जास्त. मोती नाकापेक्षा जड होतो तो असा, हळूच.

म्हणूनच चाकाच्या वजनावर कंपन्या जिवाचं रान करतात. निस्सानने स्कायलाइन जीटी-आरच्या सुरुवातीच्या गाड्यांत टर्बाइनचं चाक सिरॅमिकचं दिलं होतं. हलकं, चटकन फिरणारं. पण हौशी मालकांनी बूस्ट वाढवला की ते दांड्यावरून निखळायचं, आणि तुकडे कुठे जातील याचा भरवसा नसे. बोर्गवॉर्नरच्या 'ईएफआर' मालिकेत टायटॅनियम-अ‍ॅल्युमिनाइडचं चाक आहे, नेहमीच्या निकेल-मिश्रधातूच्या सुमारे निम्म्या घनतेचं. चांगली वस्तू, किंमतही तशीच.

टर्बाइनच्या घराला एक आकडा असतो, 'ए बाय आर'. शंखासारख्या त्या वाटेचं क्षेत्रफळ भागिले मध्यापासूनचं अंतर. वर सांगितलेल्या गॅरेटच्या टर्बोला तो ०.६३, ०.८२ आणि १.०६ असा तीन प्रकारांत मिळतो. लहान आकडा म्हणजे अरुंद वाट, धुराला वेग, लवकर बूस्ट. पण वरच्या आरपीएमला धूर तुंबतो. मोठा आकडा म्हणजे त्याच्या नेमकं उलट. तीन लिटरच्या इंजिनावर रस्त्यासाठी ०.८२ च्या पुढे जायला मला तरी कारण दिसत नाही. दोन लिटरवर ०.६३. फक्त शर्यतीचीच गाडी असेल, जिथे आरपीएम ५००० च्या खाली कधी येतच नाही, तिथे वेगळा हिशेब.

आता मॅनिफोल्ड. इथे थांबून बोलायला हवं, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत.

इंजिनातून धूर सतत वाहत येत नाही, धक्क्याधक्क्याने येतो. एक्झॉस्टची झडप उघडते त्या क्षणी सिलिंडरमधला उरलेला दाब एकदम बाहेर फुटतो, आणि त्या धक्क्यात बरीच ऊर्जा असते. तो धक्का फार न पसरता, न थंडावता टर्बाइनच्या पात्यांवर आपटला तर खालच्या आरपीएमलाही चाक जागं होतं. सहा सिलिंडरांच्या इंजिनात दर १२० अंशांना असा एक धक्का येतो, पण प्रत्येक झडप उघडी राहते त्याच्या दुप्पट किंवा जास्त वेळ. सगळ्या सहा नळ्या एकाच तोंडात आणल्या तर एकाचा धक्का दुसऱ्याच्या अजून उघड्या असलेल्या झडपेतून उलट आत शिरतो. जळका वायू सिलिंडरमध्ये परत, ताज्या हवेला जागा कमी, नॉकिंगचा धोका जास्त.

यावरचा उपाय म्हणजे ट्विन-स्क्रोल: टर्बाइनच्या घरात मधोमध भिंत आणि धुराच्या दोन वेगळ्या वाटा. सुप्राच्या इंजिनाचा पेटण्याचा क्रम आहे १-५-३-६-२-४. पुढचे तीन सिलिंडर एका वाटेला, मागचे तीन दुसऱ्या वाटेला दिले, तर धक्के आलटून पालटून दोन्ही वाटांत जातात, आणि प्रत्येक वाटेत दोन धक्क्यांमध्ये २४० अंशांचं अंतर पडतं. नळ्या एकमेकींना ओलांडाव्या लागत नाहीत. सहा सिलिंडरांच्या सरळ इंजिनाला निसर्गतःच मिळालेली ही देणगी आहे. चार सिलिंडरांत क्रम १-३-४-२, त्यामुळे पहिला-चौथा आणि दुसरा-तिसरा अशा जोड्या लावाव्या लागतात. नळ्यांची थोडी कसरत होते, पण अंतर पूर्ण ३६० अंशांचं मिळतं. मित्सुबिशीच्या लान्सर इव्होल्यूशनने हा मार्ग नव्वदच्या दशकातच धरला. बीएमडब्ल्यूच्या एम विभागाने व्ही-८ मध्ये तर टर्बो दोन्ही रांगांच्या मधल्या खोबणीत ठेवले आणि दोन्ही बाजूंच्या सिलिंडरांच्या नळ्या एकमेकींवरून ओलांडून नेल्या, धक्क्यांची अंतरं सारखी पडावीत म्हणून.

सुबारूच्या ज्या गुरगुराटावर लोक फिदा असतात, तो खरं तर कमी-जास्त लांबीच्या नळ्यांमुळे येतो. सारख्या लांबीचं मॅनिफोल्ड बसवलं की आवाज सपाट होतो आणि मालक हिरमुसतो. तडजोडीचा आवाज म्हणून तो ऐकायला माझी काही हरकत नाही.

नळ्यांची लांबी सारखी हवी हे ब्रह्मवाक्य झालं आहे. सारखी असावी, पण त्याहून महत्त्वाच्या तीन गोष्टी आहेत: नळीचा व्यास, मॅनिफोल्डचं एकूण आकारमान आणि नळ्या जिथे एकत्र येतात तिथला कोन. जाड नळी दिसायला रुबाबदार, पण धुराचा वेग घालवते. सुप्रासारख्या इंजिनाला बाहेरून ४२ मिलिमीटरची, म्हणजे बाजारात सव्वा इंची म्हणून मिळणारी स्टीम पाइप बहुधा पुरते. दीड इंची, म्हणजे ४८ मिलिमीटरची, मोठ्या आकड्यांच्या मागे लागलेल्यांसाठी. आणि नळ्या एकमेकींत आडव्या घुसल्या तर लांबी कितीही जुळवा, उपयोग नाही.

ओतीव की नळ्यांचं? रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीला मी दुभंग वाटेचं ओतीव मॅनिफोल्ड सुचवीन आणि त्याबद्दल शर्यतवाल्यांच्या शिव्या खाईन. उष्णतेचं साधं गणित बघा. धूर ९०० अंशांच्या घरात जातो. अर्धा मीटर लांबीचं स्टेनलेस स्टीलचं मॅनिफोल्ड ७०० अंशांनी तापलं तर सहा मिलिमीटरहून जास्त वाढतं. बिडाचं साधारण चार. हे वाढणं-आकसणं प्रत्येक फेरीला होतं, आणि वर आठ-दहा किलोचा टर्बो लोंबकळतोय. तडा जातो तो बहुतेक वेल्डिंगच्या कडेला, नळी आणि फ्लँज मिळतात तिथे. चांगला कारागीर वेल्डिंग करताना नळीच्या आतही आर्गॉन भरतो. तसं न केलेला सांधा आतून काळा, खडबडीत, साखरेच्या दाण्यांसारखा फुटलेला दिसतो आणि सगळ्यात आधी तोच जातो. घेण्याआधी नळीत बोट घालून बघावं, टॉर्च मारावा. ३०४ पेक्षा ३२१ किंवा ३४७ प्रतीचं स्टील उष्णतेत टिकतं. टर्बोला आधार द्यायचा तो इंजिनाच्या ब्लॉकला धरून. गाडीच्या बॉडीला बांधला तर इंजिन हललं की मॅनिफोल्डच मोडेल. नळ्यांवर कापडी पट्ट्या गुंडाळण्याची फॅशन आहे. बॉनेटखाली गारवा राहतो खरा, पण सगळी उष्णता स्टीलमध्ये कोंडली जाते आणि तडा लवकर जातो. टर्बाइनच्या घरावर ब्लँकेट आणि नळ्यांना सिरॅमिक लेप, हे बरं.

ओतकाम म्हटलं की कोल्हापूरच्या फाउंड्र्या आठवतात. सिलिकॉन-मॉलिब्डेनमचं लवचीक बीड ओतणारे कारखाने आपल्याकडे आहेत. अडचण कौशल्याची नाही, पाच-पंचवीस नगांसाठी पॅटर्नचा खर्च कोण करणार याची आहे. म्हणून इथला हौशी माणूस टिग वेल्डरकडे जातो.

वेस्टगेटबद्दल एक गोष्ट उलटी वाटेल, पण खरी आहे. बूस्ट जितका कमी ठेवायचा, तितकं वेस्टगेट मोठं लागतं, कारण तितका जास्त धूर टर्बाइनला चुकवून बाहेर काढायचा असतो. मोठं इंजिन, लहान टर्बाइन आणि पिटुकलं वेस्टगेट अशी जोडी जमली की झडप पूर्ण उघडूनही बूस्ट आपोआप चढत राहतो, आणि एखाद्या थंड सकाळी पिस्टन जातो. आकाराइतकीच जागा महत्त्वाची. वेस्टगेटची नळी धुराच्या प्रवाहाच्या दिशेने तिरकी निघावी. काटकोनात लावली तर धूर तिथे वळतच नाही. ट्विन-स्क्रोलला दोन्ही वाटांना स्वतंत्र वेस्टगेट हवं, नाहीतर एकाच झडपेशी दोन्ही वाटा एकमेकींत मिसळतात आणि मधल्या भिंतीचा खर्च वाया.

कंपन्या मात्र या सगळ्या वादाला बगल देऊन पुढे गेल्या आहेत. फोक्सवॅगन समूहाच्या हल्लीच्या टीएसआय इंजिनांत मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतलेलं आणि पाण्याने थंड केलेलं असतं. टर्बो थेट हेडला चिकटतो. चाकणहून निघणाऱ्या व्हर्टस किंवा स्लाव्हियाच्या मालकाला मॅनिफोल्ड निवडायचा प्रश्नच उरत नाही. पोर्शेने २००६ मध्ये ९११ टर्बोत, डिझेलमध्ये रुळलेली हलत्या पात्यांची टर्बाइन पेट्रोलच्या उष्णतेला टिकेल अशी करून आणली, म्हणजे एकाच टर्बोला लहान आणि मोठं दोन्ही होता येतं. २०२२ च्या मर्सिडीज-एएमजी सी ४३ मध्ये टर्बोच्या दांड्यावर विजेची मोटरच आहे. धूर यायची वाटही बघावी लागत नाही. जुन्या गाडीवर हे काही बसवता येत नाही, तेव्हा त्याबद्दल इतकंच.

आपल्याकडे या छंदाला आणखी काही अडथळे आहेत. पहिला कायद्याचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आरसी बुकातली माहिती कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं आहे. तेव्हा मोठ्या टर्बोची खरी जागा आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर होणाऱ्या ड्रॅग शर्यतींसारख्या बंदिस्त ठिकाणी. दुसरा पेट्रोलचा. साध्या पेट्रोलवर दीड बार बूस्ट म्हणजे आत्महत्या. इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेनचं पेट्रोल डिसेंबर २०२० पासून मोजक्या शहरांत मिळतं. पण ट्यूनिंग त्यावर केलं आणि कोकणात उतरल्यावर टाकीत साधं भरावं लागलं, तर पंचाईत. त्यासाठी कमी बूस्टचा वेगळा मॅप हवाच. तिसरा अडथळा स्टिअरिंगचा, आणि तो ऑनलाइन खरेदी करणाऱ्यांना हमखास नडतो. अमेरिकेतली बरीचशी मॅनिफोल्ड डाव्या हाताच्या स्टिअरिंगसाठी घडवलेली असतात. बीएमडब्ल्यूच्या जुन्या सरळ सहा-सिलिंडर इंजिनांत एक्झॉस्ट उजवीकडे आणि आपल्याकडे स्टिअरिंगचा दांडाही उजवीकडे. पार्सल उघडून मॅनिफोल्ड लावून बघितलं की टर्बो नेमका दांड्याच्या जागेवर येतो.

सगळं बसल्यावर निवड बरोबर होती की नाही हे कसं कळणार? डायनोचा कागद हॉर्सपॉवर सांगतो, कारण सांगत नाही. मॅनिफोल्डला कलेक्टरजवळ, म्हणजे नळ्या एकत्र येतात तिथे, एक लहान छिद्र पाडून त्याला हातभर तांब्याची नळी वेल्डिंगऐवजी फिटिंगने जोडायची, नळीला दोन-चार वेटोळी द्यायची म्हणजे धूर निवतो, आणि टोकाला साधा प्रेशर गेज किंवा सेन्सर लावायचा. मग बूस्टचा दाब आणि धुराचा दाब शेजारी ठेवून बघायचे. वरच्या आरपीएमला धुराचा दाब बूस्टच्या दुप्पट असेल तर टर्बाइन लहान पडतंय किंवा मॅनिफोल्ड गळा आवळतंय. ए बाय आर एक पायरी वर न्यावा, कॉम्प्रेसर तसाच ठेवावा. दोन्ही दाब जवळपास सारखे आणि बूस्ट ३५०० च्या आत आलेला, तर हात लावू नये. दोन्ही सारखे, पण बूस्ट ४५०० नंतर येतो, तर टर्बाइन गरजेपेक्षा मोठं घेतलं गेलं आहे. तेव्हाही नवा टर्बो लागत नाही. तेच चाक, लहान घर. कित्येकदा चार बोल्ट, एक क्लॅम्प आणि शनिवारची दुपार एवढ्यात काम होतं.